झारची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

रशियात राजा गेला आणि कम्युनिस्ट आले, हे आपण शाळेत एका दमात पाठ केलं. एका दमात पाठ केलं, म्हणून ते एकाच दिवशी घडलं असं वाटत राहतं. तसं नाही. झारला लेनिननं पाडलं नाही. पुन्हा सांगतो, झारला लेनिननं पाडलं नाही. झार गेला तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला भाड्याच्या खोलीत राहत होता, आणि बातमी कानावर आल्यावर खात्री करायला त्यालाही वर्तमानपत्रंच पाहावी लागली.

तारखा मी आपल्या नेहमीच्या कॅलेंडरप्रमाणे सांगतोय. रशियाचं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागं होतं. म्हणून त्यांची फेब्रुवारी क्रांती आपल्या मार्चमध्ये येते आणि ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये.

तर ८ मार्च १९१७. महिला दिन. पेट्रोग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. महायुद्धाचा तिसरा हिवाळा, रेल्वे लष्कराच्या कामाला जुंपलेली, शहरात ना पीठ पुरतं ना सरपण. पावासाठी पहाटेपासून रांगा. डब्यातलं पीठ तळाला गेलं की घरात आधी कुणाला कळतं, हे तुम्हांला सांगायला नको. कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या, त्यांच्यामागून पुरुष आले. ११ तारखेला सैनिकांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. आणि १२ तारखेच्या सकाळी त्याच सैनिकांनी पुन्हा गोळी घालायला नकार दिला. राज्य गेलं ते त्या सकाळी. रांगेतल्या बायकांनी सुरू केलं आणि सैनिकांच्या नकारानं ते पुरं झालं.

पण हे राजाला कुठं माहीत होतं? दुसरा निकोलस शेकडो किलोमीटर दूर, मोगिलेवच्या लष्करी मुख्यालयात. घरून तारा येत होत्या. मुलांना गोवर आला होता. आमच्या लहानपणी तार आली की आधी रडारड व्हायची, मजकूर नंतर वाचायचे. इथं मात्र दोन्ही प्रकारच्या तारा एकदम येत होत्या: राजधानी पेटली आहे, आणि पोरांना ताप आहे. १३ मार्चच्या पहाटे निकोलस आपल्या खास गाडीनं घरी निघाला. घर म्हणजे राजधानीजवळचं त्सारस्कोये सेलो.

आता नीट ऐका. सरळ मार्ग होता, पण बंड मोडायला निघालेल्या फौजेसाठी तो मोकळा ठेवायचा, म्हणून राजाची गाडी लांबच्या वळणानं सोडली. ती फौज शहरात कधी शिरलीच नाही, आणि राजाचे मोलाचे तास मात्र वळणात गेले. स्टेशनांवर अधिकारी सलाम करत होते, सगळं नेहमीसारखं. रात्री दोनच्या सुमारास मालाया विशेरा नावाच्या स्टेशनात गाडी थांबली. राजधानी उरली होती सुमारे १६० किलोमीटर. तिथं कळलं, पुढची तोस्नो आणि ल्यूबान ही स्टेशनं बंडखोरांच्या हाती गेली आहेत. राजाला झोपेतून उठवलं. गाडी उलटी फिरली. अफाट साम्राज्याचा धनी, आणि त्याला आजारी लेकरांकडे जायला रूळ मिळेना!

इथं माझं एक मत सांगतो. इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींची चित्रं असतात, तारबाबूंची नसतात, आणि मला हे फार चुकीचं वाटतं. बुब्लिकोव्ह नावाच्या दुमाच्या, म्हणजे रशियाच्या संसदेच्या, सदस्यानं वाहतूक मंत्रालय ताब्यात घेतलं आणि रेल्वेच्या तारांवरून देशभरच्या स्टेशनांना कळवलं की जुनी सत्ता पडली. तारबाबूंनी तो मजकूर स्टेशनामागून स्टेशन पुढं पाठवला. रात्रीत रशियाला बातमी कळली ती या माणसांमुळे.

गाडी बोलोगोयेला आली, तिथून पश्चिमेला वळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका जंक्शनला लागली. त्या जंक्शनचं नाव द्नो. रशियन भाषेत द्नो म्हणजे तळ. राजानं तळ गाठला होता, अगदी अक्षरशः! दुमाचा अध्यक्ष रोद्झ्यांको तिथं भेटायला येणार होता, तो आलाच नाही. संध्याकाळी गाडी प्स्कोवला पोचली. त्या रात्री निकोलसनं रोजनिशीत लिहिलं: शरम आणि नामुष्की, घरी पोचता आलं नाही, पण मन सगळं तिथंच आहे. लिहिणारा राजा असो नाहीतर कारकून, रोज चार ओळी लिहून ठेवाव्यात. माणूस खरा त्यातच सापडतो.

१५ मार्चला आघाडीवरच्या सेनापतींच्या तारा आल्या, सल्ला एकच: सिंहासन सोडा. आधी तो मुलाच्या नावे सोडणार होता. मग त्यानं डॉक्टरला विचारलं, माझा अलेक्सेई बरा होईल का? अलेक्सेईला जखमेचं रक्त न थांबण्याचा आजार. डॉक्टरनं आशा दाखवली नाही. बाप म्हणाला, मुलगा माझ्यापाशीच राहील. रात्री, रेल्वेच्या डब्यात, त्यानं भाऊ मिखाईलच्या नावे राज्यत्यागावर सही केली, पेन्सिलीनं. दुसऱ्या दिवशी मिखाईलनंही मुकुट नाकारला. १६१३ साली पहिल्या मिखाईलपासून सुरू झालेलं रोमानोव्ह घराणं ३०४ वर्षांनी दुसऱ्या मिखाईलपाशी संपलं.

वेळ थोडा उरलाय, म्हणून पुढचं भराभर. राजाची गाडी राजधानीत पोचली नाही, पण महिन्याभरानं दुसऱ्या एका माणसाची पोचली. जर्मनीच्या परवानगीनं, जर्मनीतूनच, पुढं स्वीडन-फिनलंडमार्गे लेनिन १६ एप्रिलच्या रात्री पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर उतरला. हाच लेनिन १९०८ साली टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपाबद्दल युरोपात बसून लिहीत होता. तो सहा दिवसांचा संप आपल्या मुलांना नीट शिकवला पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

झारनंतर कारभार हाती घेतलेल्या हंगामी सरकारनं युद्ध थांबवलं नाही आणि शेतकऱ्याला जमीन दिली नाही. शांतता, जमीन, भाकरी, हे तीन शब्द बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षानं, उचलले आणि ७ नोव्हेंबरला सत्ता घेतली. म्हणजे त्यांनी पाडलं ते हंगामी सरकार. झार त्याआधी आठ महिने गेला होता. निवडून आलेली संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये जेमतेम एक दिवस चालली, बोल्शेविकांनी ती बंद केली. रशियाची मोठी संधी तिथं गेली, असं मला मनापासून वाटतं. मग यादवी, उपासमार, आणि ३० डिसेंबर १९२२ला सोव्हिएत संघ.

आणि निकोलस? तो २२ मार्चला घरी पोचला, कैदी म्हणून. गोवरानंतर मुलींचे केस गळत होते, म्हणून त्या उन्हाळ्यात चौघी बहिणींची डोकी भादरली. तसे त्यांचे फोटो आहेत. त्यांना आधी सैबेरियात तोबोल्स्कला नेलं, मग येकातेरिनबुर्गला. १७ जुलै १९१८ रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या एका घराच्या तळघरात सगळ्यांना गोळ्या घातल्या. कुटुंबातले सात, आणि त्यांच्यासोबत राहिलेले चौघे: डॉक्टर, स्वयंपाकी, एक नोकर आणि एक दासी.

नमस्कार.