गेमला नऊ गुण, पण कुठल्या यंत्रावर?

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी माझी ओळख ‘व्हिडिओ गेम्सचे समीक्षक’ अशी करून दिली, तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या दोन काकूंनी एकमेकींकडे कसं पाहिलं ते मला इथून स्वच्छ दिसलं. वाईट वाटून घेत नाही. आमच्याकडे पाहुणे आले की आई अजूनही ‘तो कॉम्प्युटरमध्ये असतो’ एवढंच सांगते आणि चहा टाकायला उठते. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘नव्या गेम्सची समीक्षा: निकष आणि अपेक्षा’. निकष पाच आहेत, कागदावर लिहून आणलेत, त्यांच्याकडे येणारच आहे. पण बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आधी बोलून मोकळा होतो. नवा गेम येतो, आणि त्याच सुमारास आकडा येतो. दहापैकी नऊ. शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. माझं म्हणणं असं की हा आकडा गेमचा नसतोच. एका ठरावीक यंत्रावर, त्या आठवड्यात तो गेम जसा चालला, त्याचा तो आकडा असतो. आणि त्या यंत्राचं नाव कुठे लिहितात? तळाशी, बारीक अक्षरात. कधीकधी तिथेही नसतं.

ज्यांच्या घरात हे प्रकरण शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळायच्या यंत्रांची तीन घराणी: सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, निंटेंडोचं स्विच. चौथा आपला पीसी, त्याला घराणं नाही, ज्याचा त्याचा वेगळा. घराण्यांत पुन्हा पिढ्या. प्लेस्टेशन 4 आलं 2013 मध्ये, प्लेस्टेशन 5 आलं 2020 मध्ये. गेमच्या डब्यावर नाव तेच, चित्र तेच, किंमतही बहुतेक वेळा तीच. नाटकाचा मुंबईतला शुभारंभाचा प्रयोग पाहून परीक्षण छापायचं, आणि ते वाचून तालुक्याच्या गावातल्या माणसाने तिकीट काढायचं, जिथे माइक खरखरतोय आणि निम्मा सेट ट्रकमध्येच राहिलाय. तसं चाललंय हे.

माझ्या भाच्याचंच सांगतो. गेमचं नाव घेत नाही, दुकानाचं तर नाहीच, त्यांच्यापैकी कुणी इथे बसलेलं असेल. भाचा आठवीत. त्याच्याकडे प्लेस्टेशन 4, तेही चुलतभावाने वापरून दिलेलं. चालू केलं की आतला पंखा असा घोंघावतो की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. वाढदिवसाला मामाकडून गेमच हवा, कारण मामा समीक्षक. गेलो दुकानात. काउंटरवरच्या मुलाने डबा पुढे सरकवला, ‘सर, हा घ्या. नऊ मिळालेत.’ मी विचारलं, प्लेस्टेशन 4 वर कसा चालतो? ‘एक नंबर, सर.’ आणि बोट दाखवलं समोरच्या टीव्हीकडे. टीव्हीखाली यंत्र होतं प्लेस्टेशन 5. मी म्हटलं, अरे, हे नाही, जुनं. ‘सर, त्याच्यावर पण एक नंबर.’ डब्यावर तर प्लेस्टेशन 4 असं ठळक छापलेलं. आता डब्यावरच्या छापील मजकुरावर माणसाने विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा?

घरी केक कापला, डिस्क आत सरकवली. डिस्क म्हणजेच गेम अशी आमच्या ताईची भाबडी समजूत. यंत्र म्हणालं, आधी अपडेट उतरवा. चाळीस जीबीच्या वर. केक संपला, वेफर्स संपले, भाच्याचे मित्र एकेक करून घरी गेले, ताईने भांडी घासायला घेतली, तरी पडद्यावरची पट्टी आपली सरकतेय. रात्री कधीतरी एकदाचा गेम सुरू झाला. नायक भर बाजारात उभा. आधी त्याचे बूट आले, मग शर्ट, डोकं सगळ्यात शेवटी. समोरून एक गृहस्थ चालत आले, त्यांना चेहराच नाही, मानेवर नुसता गुळगुळीत गोळा. मी हादरलो. भाचा शांतपणे म्हणाला, ‘मामा, ते अजून लोड होतायत.’ (हशा) भाऊजींनी पेपर खाली केला, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, ‘चार हजार दिलेस ह्याचे?’

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. ‘सर, सील फोडलं की परत घेत नाही. एक्स्चेंजमध्ये निम्मे देतो.’ मी म्हटलं, अरे, हा चालत नाहीये. त्याने मोबाईल काढला, परीक्षण उघडलं, माझ्या नाकासमोर धरलं. ‘नऊ आहेत, सर.’ मी त्याच्या हातून मोबाईल घेऊन सरळ तळाशी गेलो. तिथे एक ओळ होती: परीक्षणासाठी पीसीवरची प्रत वापरली. त्याला वाचून दाखवली. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, ‘तेच ना सर. गेम तर तोच आहे!’

त्याला मी दोष देत नाही. जगातले मोठमोठे समीक्षक हेच म्हणत आलेत, फक्त चांगल्या इंग्रजीत.

कुणी म्हणेल, एका दुकानावरून एवढं रामायण कशाला? तर 2020 चा सायबरपंक आठवा. सायबरपंक 2077. वॉर्साची सीडी प्रोजेक्ट कंपनी, 2012 पासून गाजावाजा. तारीख आधी एप्रिल 2020, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर, आणि शेवटी 10 डिसेंबर. गेम हातात पडायच्या आधीच 80 लाख लोकांनी मागणी नोंदवलेली, त्यातले चाळीस टक्क्यांच्या आसपास कन्सोलवाले, म्हणजे पीसी नाही, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असलेले. परीक्षणं आली तीन दिवस आधी, आणि बहुतेक सगळी गोड. आता गोम बघा. समीक्षकांना आधी प्रती दिल्या त्या फक्त पीसीच्या. वर अट अशी की स्वतः खेळताना टिपलेलं चित्रीकरण त्या पहिल्या परीक्षणात दाखवायचं नाही, कंपनीने दिलेलंच लावायचं. म्हणजे वधूपक्षाने फोटोही द्यायचा आणि ‘मुलगी आम्ही पाहिली’ असं शेजाऱ्यांनी लिहूनही द्यायचं!

मग 10 तारखेला प्लेस्टेशन 4 आणि त्याच पिढीच्या एक्सबॉक्स वन वाल्यांनी गेम लावला, आणि तो धड चालेना. कारण तांत्रिक आहे, पण समजायला अवघड नाही. त्या यंत्रांत जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आणि 2013 सालीही यथातथाच असलेला प्रोसेसर. गेममधलं शहर एवढं दाट, की तुम्ही गाडी पळवाल तसतसं पुढचं शहर डिस्कवरून उचलून आणावं लागतं. डिस्क मागे पडली की रस्ते ओसाड, माणसं बिनचेहऱ्याची, आणि कधीकधी गेमच बंद. चांगल्या पीसीवर मात्र त्याच वेळी लोक निऑनचे दिवे पाहून हरखले होते. दोघांच्याही हातात गेम तर तोच!

14 डिसेंबरला कंपनीने माफी मागितली. कशाबद्दल? जुन्या कन्सोलवर गेम कसा दिसतो हे आधी दाखवलं नाही, याबद्दल. 18 तारखेला सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून गेम काढूनच टाकला आणि पैसे परत द्यायला घेतले. तो परत आला 2021 च्या जूनमध्ये. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर आज पाहाल तर पीसीला 86 आणि प्लेस्टेशन 4 ला 57. पुढे 2023 मध्ये कंपनीने गेम खरोखर सुधारला, मोठं अपडेट दिलं, नवी कथा जोडली, सगळीकडे वाहवा झाली. ते अपडेट आणि ती कथा प्लेस्टेशन 4 वर आलीच नाही. ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं, त्यांना वगळूनच सुधारणा झाली.

माझा राग कंपनीवर आहेच, पण त्याहून जास्त आमच्या जमातीवर आहे. अट मान्य नव्हती तर एकच वाक्य छापायचं होतं: ‘कन्सोलची प्रत आम्हाला दिलेली नाही, कन्सोलवाल्यांनी थांबावं.’ आकड्याच्या वर, ठळक. काहींनी असं लिहिलंही, पण ते मजकुरात कुठेतरी आत. आणि धडा कितपत घेतला? 2024 च्या ऑगस्टमध्ये ब्लॅक मिथ: वुकाँग आला, चिनी स्टुडिओचा, माकडवीराच्या कथेवरचा. परीक्षणासाठी पुन्हा पीसीचीच प्रत, प्लेस्टेशन 5 ची आधी नाही. आकडे पुन्हा त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर.

जाता जाता, आमच्या लहानपणी ही भानगड नव्हती. नव्वदीत ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता ते हात वर करा. बघा, बरेच आहेत. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ‘9999 इन 1’, आत खरे खेळ दहा-बारा, बाकी सगळा मारिओ आणि काँट्रा नावं बदलून. चाललं नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. ते यंत्रही नक्कल, कॅसेटही नक्कल, पण शेजारच्या घरी जसा चालायचा तसाच आपल्या घरी चालायचा. फसवणूक होती, पण समान होती. (हशा)

उलटंही होतं बरं का. पीसीच नेहमी वरचढ असं समजू नका. 2015 च्या जूनमध्ये बॅटमॅन: अर्कम नाइट आला. प्लेस्टेशन 4 वर देखणा, गुळगुळीत, कौतुकच कौतुक. पीसीची आवृत्ती दुसऱ्या स्टुडिओकडून करून घेतलेली, आणि ती इतकी अडखळत होती की गेम विकणाऱ्या वॉर्नर कंपनीने काही दिवसांतच तिची विक्री थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. लाखाचा पीसी घेऊन बसलेले लोक चाळीस हजारांच्या डब्याकडे...

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं? पाच? बरं, पाच. सात वाजता इथे योगवर्ग असतो, असं कळतंय. मग निकष भराभर घेतो.

पहिला, यंत्र. परीक्षणाच्या पहिल्या ओळीत यंत्राचं नाव, आणि जिथे खेळला नाहीत तिथला गुण देऊ नका. एकाच पिढीतही फरक असतो. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये 16 जीबी मेमरी, धाकट्या सिरीज एसमध्ये 10. बाल्डर्स गेट 3 पीसीवर 2023 च्या ऑगस्टला आला, प्लेस्टेशन 5 वर सप्टेंबरला, आणि एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरला, कारण धाकट्या यंत्रावर पडदा दुभागून दोघांनी खेळायची सोय बसेना. शेवटी ती सोय त्या यंत्रापुरती तेव्हा सोडून दिली, ती तिथे आली 2025 मध्ये. नवराबायकोने मिळून खेळायला तेव्हा घेतला असेल, तर त्यांच्यासाठी परीक्षणातली हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची होती.

दुसरा, गती. सेकंदाला 60 चित्रं की 30? साठला दर चित्रामागे साधारण 17 मिलिसेकंद मिळतात, तिसाला 33. मारामारीच्या गेममध्ये हा फरक बोटांना कळतो, पत्त्यांच्या गेममध्ये घंटा कळत नाही. ‘ग्राफिक्स छान’ असं लिहून समीक्षक यातून सुटतात, त्यांना सोडू नका.

तिसरा, तारीख आणि आवृत्ती. पोकेमॉन स्कार्लेट-व्हायोलेट 2022 मध्ये स्विचवर आले तेव्हा रखडत, धक्के खात चालायचे. तेच गेम स्विच 2 वर, 2025 च्या जूनमधल्या फुकट अपडेटनंतर, लोण्यासारखे चालतात. जुनं परीक्षण खोटं नाही, शिळं आहे. त्यावर तारीख हवी.

चौथा, पैसे. मॉर्टल कोम्बॅट 1 हा 2023 मध्ये स्विचवर 70 डॉलरलाच विकला, मोठ्या कन्सोलइतकाच, आणि पात्रांचे चेहरे मेणाचे. गुण देताना किंमत बाजूला ठेवतात ते मला पटत नाही. आपल्याकडे गेमला चार-पाच हजार मोजावे लागतात आणि एका घरात एकच यंत्र असतं, म्हणून मराठीत परीक्षण लिहिणाऱ्याने तर हे आधी बघावं. डब्यात डिस्क आहे की नुसती किल्ली, हेही. स्विच 2 च्या काही गेमच्या डब्यात नुसतं किल्लीचं कार्ड असतं, गेम सगळा इंटरनेटवरून उतरवायचा.

आणि यंत्र बघून खरं ते लिहायचा हा नियम आपल्या माणसांनाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी: ॲन एन्शंट एपिक 2020 च्या ऑगस्टमध्ये आधी स्विचवर आला, बाकी यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये. राजस्थानी वाडे, भिंतीवरची चित्रं, बघत राहावं असं काम. आपल्याकडच्या कित्येकांनी ‘आपला गेम’ म्हणून डोळे मिटून पाठ थोपटली. स्विचच्या लहान पडद्यावर दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यात नायिका किती बारीक दिसते, मारामारी कुठे अडखळते, हे लिहिलं असतं तर त्या मुलांच्या उपयोगी पडलं असतं.

पाचवा निकष अक्षरांच्या आकाराचा. सोफ्यावरून टीव्हीवरचे संवाद वाचता येतात का, हे एकही समीक्षक लिहीत नाही, कारण सगळे टेबलावर पडद्याला नाक लावून खेळतात. चाळिशीनंतरच्यांनी दुकानात विचारून घ्या. चला, योगवाले चटया घेऊन दारात उभे आहेत, प्रश्न बाहेर जिन्यात घेतो.