नजरेवर चालणारा फोन

(दृश्य: स्टँडवर उभा केलेला फोन. पडद्यावर एक रंगीत ठिपका.)

या ठिपक्याकडे बघायचं. एवढंच काम. ठिपका या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो, नजर त्याच्या मागोमाग जाते. तेवढ्यात फोनचा पुढचा कॅमेरा टिपून घेतो, की पडद्यावर अमुक जागी बघताना या माणसाची बुबुळं कशी वळतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते झालं, की बोट न लावता, तोंडानं काही न सांगता, फोन नजरेवर चालायला तयार.

सोपं वाटतं? आता हे डोळे बघा.

(दृश्य: वाचणारे डोळे, अगदी जवळून, संथ गतीत.)

ओळीवरून ते सरळ सरकत नाहीत, उड्या मारतात. एका जागी साधारण पाव सेकंद टेकतात, की पुढची उडी. दिवसभर हे चालू असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. दारात कुणी आलं, की नजर तिकडे जाते. आपण तिला पाठवलेलं नसतं.

मग बघितलं की बटण दाबलं गेलं, असा फोन केला तर? मेसेज वाचता वाचता शेजारच्या बटणावर नजर पडली आणि मेसेज डिलीट! हात लावील त्याचं सोनं होणाऱ्या मिडास राजाची गत. रॉबर्ट जेकब या संगणक-संशोधकानं १९९० च्या सुमारास या अडचणीला त्या राजाचंच नाव दिलं. नजरेवर चालणारी उपकरणं आजही तिच्याशी झुंजताहेत.

तोडगा आहे थांबण्याचा. बटणावर नजर ठरलेला वेळ टिकली, तरच ते दाबलं असं धरायचं. नजर काढली, की रद्द. सेटिंग्जमध्ये याला ‘ड्वेल’ म्हणतात. हा वेळ किती ठेवायचा, यावर जवळजवळ सगळं अवलंबून. कमी ठेवला तर नको ती बटणं दबतात. जास्त ठेवला तर दोन वाक्यांत डोळे चुरचुरायला लागतात. हिशेब करा. एका अक्षराला एक सेकंद धरला, तर पन्नास अक्षरांच्या निरोपाला जवळपास मिनिट जातं, तेही एकही चूक न होता. म्हणून पुढचा शब्द सुचवणारा कीबोर्ड आणि आधीच लिहून ठेवलेली वाक्यं ही इथे चैन राहत नाही.

दुसरी अडचण मापाची. आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो भाग इवलासा, साधारण एक ते दोन अंशांच्या कोनात मावणारा. त्याच्या आत नजर नेमकी कुठे आहे, हे फोनला ओळखणं अवघड. दीड फुटावरच्या पडद्यावर एक अंश म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. फोनच्या कीबोर्डवर ओळीत दहा अक्षरं बसवली, तर एकाच्या वाट्याला त्याहूनही कमी जागा येते. त्यामुळे लिहायचं असेल तर टॅबलेट बरा.

(दृश्य: खाटेवर टेकून बसलेली व्यक्ती. समोर टॅबलेट.)

कुणाला लागतं हे? एएलएस या आजारात हातापायांचे, मग बोलण्या-गिळण्याचे स्नायू निकामी होत जातात. डोळे हलवणारे स्नायू मात्र बहुतेकांचे खूप उशिरापर्यंत टिकतात. मेंदूच्या देठाशी पक्षाघाताचा झटका आला तर कधी सगळं शरीर बंद पडतं. उरते नजरेची वर-खाली हालचाल आणि पापणी. माणूस आत पूर्ण जागा असतो. फ्रेंच संपादक ज्याँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ मध्ये असा झटका आला. समोरचा माणूस एकेक अक्षर म्हणायचा, हवं ते आलं की बोबींची डावी पापणी मिटायची. त्यांनी अख्खं पुस्तक असं सांगितलं.

नजर ओळखणारी खास यंत्रं बरीच वर्षं आहेत. ती डोळ्यावर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात आणि त्याची चमक व बाहुलीचा मध्य यांतल्या अंतरावरून नजर कुठे आहे ते काढतात. काम नेमकं, पण यंत्र महाग. २०२४ मध्ये आयओएस १८ आलं आणि ॲपलनं हे काम पुढच्या कॅमेऱ्यावर आणलं, आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनवर, वेगळं काही न जोडता. नेमकेपणात ते खास यंत्रांच्या मागेच आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं.

फोन हातात धरू नका. स्टँडवर, चेहऱ्यापासून सुमारे दीड फुटावर ठेवा. लेन्स पुसा. उजेड चेहऱ्यावर हवा. लोक तासभर सेटिंग्ज धुंडाळतात आणि खिडकी पाठीमागे असते! फोन किंवा डोकं सरकलं, तर कॅलिब्रेशन पुन्हा करा.

आणि नजर सगळ्यांनाच चालते असं नाही. स्टीफन हॉकिंग यांच्यासाठी नजरेचा प्रयोग झाला होता. पापण्या खाली उतरत असल्यानं तो जमला नाही. त्यांचा संगणक गालाच्या हालचालीवर चालायचा, ती टिपणारा सेन्सर चष्म्याला लावलेला होता. अँड्रॉइड १२ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर हसू, उंचावलेली भुवई, उघडलेलं तोंड हेही बटणासारखं वापरता येतं. तेव्हा घरच्यांनी उपकरण ठरवण्याआधी थेरपिस्टबरोबर बसून बघावं, की न दमता पुन्हा पुन्हा होणारी हालचाल कोणती. आणि ती सकाळी तपासली असेल, तर संध्याकाळी, माणूस थकल्यावरही एकदा तपासावी.