होडीखालून गेलेली लाट

श्रोतेहो, नमस्कार.

१५ जून १८९६. जपानच्या ईशान्येला सानरिकू नावाचा किनारा आहे. तिथले मच्छीमार त्या रात्री किनाऱ्यापासून बरेच आत, खोल पाण्यात होते. समुद्रावर त्यांना वेगळं असं काहीच जाणवलं नाही. जाळी टाकली, ओढली आणि मासळी घेऊन सगळे परत निघाले. बंदर जवळ येऊ लागलं तशी पाण्यावर आधी लाकडं दिसली, मग मोडकी छपरं आणि मग प्रेतं. त्यांच्याच गावची, त्यांच्याच घरची माणसं. त्या रात्री किनाऱ्यावर २२,००० च्या आसपास माणसं मेली. त्यांना मारणारी लाट आधी या होड्यांच्या खालूनच गेली होती, आणि होडीतल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

जपानी भाषेत 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. त्सुनामी म्हणजे बंदरातली लाट. हा शब्द १८९६ च्याही कितीतरी आधीचा आहे. तो ज्यांच्या तोंडी रुळला, त्यांना ही लाट समुद्रात भेटतच नव्हती, बंदरातच भेटत होती.

आता असं का होतं ते पाहू. पाण्यानं भरलेल्या परातीवर फुंकर घाला. वर बारीक सुरकुत्या उठतील, तळाचं पाणी जागचं हलणार नाही. समुद्रावरची रोजची लाट ही अशी, वाऱ्यानं उठवलेली. आता तीच परात खालून धक्का देऊन हलवा. सगळंच पाणी हिंदकळेल, तळापासून काठापर्यंत. समुद्रतळाचा एखादा लांबलचक पट्टा भूकंपात अचानक उचलला गेला किंवा खचला, की त्याच्यावरचं सगळं पाणी, तीन-चार किलोमीटर उंचीचं, एकदम हलतं. ती त्सुनामी. कधी समुद्रातल्या दरडीमुळे किंवा ज्वालामुखीमुळेही ती उठते, पण मोठ्या त्सुनामी बहुतेक भूकंपाच्याच.

तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोल पाण्यात ती ताशी ७०० किलोमीटरनं जाते, म्हणजे जवळजवळ जेट विमानाच्या वेगानं. उंची मात्र तिथे बहुधा मीटरभरही नसते, आणि एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर शंभर-दोनशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे होडी हाताएवढी वर उचलली जाते आणि त्यालाही कित्येक मिनिटं लागतात. कळणार कसं? २६ डिसेंबर २००४ ला इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाजवळ भूकंप झाला. त्यानं उठवलेल्या त्सुनामीवरून, भूकंपानंतर साधारण दोन तासांनी, एक उपग्रह योगायोगानं गेला. त्यानं भर समुद्रात मोजलेली उंची होती ६० सेंटिमीटरच्या आसपास. कमरेइतकीही नाही. त्या लाटेनं १४ देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसं मारली.

किनारा जवळ आला, तळ वर येऊ लागला, की लाटेचा पुढचा भाग मंदावतो. १० मीटर खोलीवर वेग ताशी ३५ किलोमीटरवर येतो. पण मागचं पाणी अजून खोलात असतं, वेगात असतं. ते पुढच्यावर येऊन चढतं. वेग उतरतो आणि उंची वाढते.

चित्रात त्सुनामी म्हणून फेसाळ कमान काढतात, वर वळलेली, आता कोसळेल अशी. मला ते चित्र घातक वाटतं, कारण माणसं त्या कमानीची वाट पाहत उभी राहतात. बहुतेक वेळा येतो तो लोंढा. भरतीसारखा चढत जातो, पण भरतीला सहा तास लागतात आणि याला काही मिनिटं. साधी लाट दहा सेकंदांत फुटून मागे फिरते. हे पाणी दहा-दहा मिनिटं आतच येत राहतं. एक घनमीटर पाण्याचं वजन टनभर भरतं. शिवाय ते नुसतं पाणी उरत नाही. त्यात मोटारी, वासे, पत्रे, काचा, होड्या येतात. कित्येक माणसं बुडण्याआधी या माऱ्यानंच जातात. जी वाचतात, त्यांतल्या काहींना परतणारं पाणी समुद्रात ओढून नेतं.

समुद्र आधी मागे हटतो, मग लाट येते, असं आपण ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं. २००४ मध्ये पूर्वेकडे, थायलंडच्या बाजूला, लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचला. पाणी दूर गेलं, तळ उघडा पडला आणि लोक तो बघायला खाली उतरले. पश्चिमेकडे, श्रीलंका आणि भारताच्या बाजूला, उंच भाग आधी आला. तिथे ओहोटीची ती खूण आधी मिळाली नाही.

आणि लाट एकच नसते. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे पंधरा तासांनी त्याची त्सुनामी हवाईतल्या हिलो शहरात पोहोचली. भोंगे कित्येक तास आधीच वाजले होते. पहिल्या लाटा लहान होत्या. तिसरी आली ती सगळ्यांत मोठी. ६१ माणसं गेली.

२००४ च्या मृतांमध्ये बायका फार होत्या. इंडोनेशियातल्या आचेमधल्या काही गावांत पुरुषांच्या तिप्पट-चौपट बायका मेल्याचं नंतरच्या पाहणीत दिसलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या काही गावांतही असंच. कारणं अनेक. कडेवर मूल, अंगाभोवती लांब कपडे, पोहायला कधी शिकवलेलं नाही. पण एक कारण सानरिकूचंच. रविवारची सकाळ होती, पुरुष होड्या घेऊन समुद्रात गेले होते. बायका घरी होत्या, किंवा मासळी येईल म्हणून किनाऱ्यावर थांबल्या होत्या.

२००४ च्या भूकंपाच्या केंद्राजवळच सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट आली होती. त्यानंतर बेटावरच्या आज्या नातवंडांना सांगत आल्या: जमीन जोरात हलली, पाणी मागे गेलं, की डोंगराकडे पळायचं. या लाटेला त्यांच्या भाषेत 'स्मोंग' म्हणतात. २००४ मध्ये उत्तर टोकावरच्या लांगी गावात भूकंपानंतर अवघ्या ८ मिनिटांत लाट आली. कोणाच्या फोनवर इशारा आला नव्हता. 'स्मोंग' अशी हाक फिरली आणि गावातली ८०० च्या आसपास माणसं डोंगरावर पोहोचली. घरं गेली, माणूस एकही गेला नाही. सत्तर-ऐंशी हजार वस्तीच्या बेटावर मिळून मृत्यू ७.

त्याच सकाळी श्रीलंकेत पेरालिया गावाजवळ, समुद्रापासून जेमतेम २०० मीटरवर, एक खच्चून भरलेली आगगाडी थांबली होती. पहिल्या लाटेचं पाणी रुळांपर्यंत आलं होतं. गाडी जड आहे, हलायची नाही, म्हणून गावातली माणसंही डब्यांत चढली, काही डब्यांच्या आडोशाला उभी राहिली. दुसऱ्या लाटेनं डबे उचलून फेकले. दीड हजारांहून अधिक माणसं तिथे मेली. तेव्हा भूकंपाला दोन तासांहून जास्त वेळ झाला होता.