खोकताना किती दुखतं?

मंडळी, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी पुराव्यावर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं कशी ठरवायची, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण ‘पुरावा’ म्हटलं की मला आधी स्कॉट रूबेन आठवतो, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

रूबेन अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये भूलतज्ज्ञ होता. एकट्या मॉर्फिनवर भिस्त न ठेवता निरनिराळ्या प्रकारची वेदनाशामकं एकत्र द्यावीत, या विचाराचा मोठा पुरस्कर्ता. विचार चांगलाच आहे, आजही आपण तो पाळतो. रूबेनच्या अभ्यासांचे निष्कर्ष नेहमी हवे तसेच यायचे. डॉक्टर त्याच्या भरवशावर औषधं लिहायचे. 2008 मध्ये त्याच्याच रुग्णालयातल्या नेहमीच्या तपासणीत दिसलं की त्याने सादर केलेल्या दोन गोषवाऱ्यांमागच्या अभ्यासांना नीतिसमितीची मंजुरीच नाही. मग खोदकाम सुरू झालं. 2009 मध्ये 21 शोधनिबंधांतली माहिती बनावट असल्याचं जाहीर झालं, आणि 2010 मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली.

मला अजून याची चीड येते. रात्री दोन वाजता वॉर्डात कण्हणाऱ्या माणसाला कुठली गोळी द्यायची, हे कुणीतरी कुठेतरी मोजलेल्या आकड्यांवरून ठरतं. ते आकडेच कुणी टेबलाशी बसून रचले, तर त्या माणसाने दाद कुणाकडे मागायची?

पुढचं मात्र ऐकण्यासारखं आहे. काही संशोधकांनी रूबेनचे अभ्यास वगळून जुने आढावे पुन्हा तपासले. ज्यांत बऱ्याच चाचण्यांचे आकडे एकत्र केले होते, ते बहुतेक टिकले. ज्यांत निष्कर्ष नुसते शब्दांत मांडले होते, ते जास्त डळमळले. म्हणून मी म्हणतो, कुणी कितीही मोठा असो, एकट्याच्या कामावर शिफारस उभी करू नका.

इथे सिस्टर किती जणी आहेत? हात वर करा बघू. बऱ्याच आहात! मग माझं पुढचं म्हणणं तुम्हाला लगेच पटेल. पोटाचं ऑपरेशन झालेला रुग्ण निपचित पडलेला असताना ‘किती दुखतंय?’ विचारलं, तर दहापैकी ‘दोन’ म्हणतो. कागदावर दोन लिहिलं जातं. आता त्याला खोकायला सांगा. उशी टाक्यांवर दाबून धरतो, अर्धवट खोकतो आणि थांबतो. खरा आकडा तो! तो खोकला नाही तर कफ साचतो, चालला नाही तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. आणि तरीही कितीतरी चाचण्यांत फक्त पडल्यापडल्याचं दुखणं मोजलेलं असतं.

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

तत्त्वं शस्त्रक्रियेगणिक वेगळी हवीत. गोळ्यांबद्दलचा बराचसा पुरावा अक्कलदाढ काढलेल्या तरुण, धडधाकट लोकांवरच्या चाचण्यांतून आलाय. तो छाती उघडलेल्या वृद्धाला जसाच्या तसा कसा लागू होईल? युरोपातला ‘प्रॉस्पेक्ट’ गट एकेक शस्त्रक्रिया घेऊन शिफारशी करतो, तीच वाट बरोबर आहे. नवं औषध नुसतं प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, ताडून भागत नाही. पॅरासिटामॉल आणि दाहशामक गोळी आधीच चालू असताना त्याने आणखी काय साधलं, हे विचारा. गॅबापेंटिन आणि त्याच वर्गातलं प्रीगाबालिन घ्या: 2020 मध्ये त्यांच्या 281 चाचण्या एकत्र पाहिल्या, तर रुग्णाला जाणवावा एवढा फरक दिसला नाही, चक्कर मात्र जास्त. अशी औषधं यादीतून काढायची तयारी हवी.

पुरावा कच्चा असेल तर तसं छापा. 2016 च्या अमेरिकन तत्त्वांत 32 शिफारशी होत्या, भक्कम पुराव्याच्या त्यांपैकी चारच, आणि त्यांनी ते उघड लिहिलं.

शेवटचं, डिस्चार्जचं. अफूवर्गातली गोळी घरी द्यायची असेल तर किती दिवसांची, ती कमी कशी करायची आणि उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं, हे चिठ्ठीवर लिहिलेलंच पाहिजे. आता प्रश्न विचारा, सिस्टरांनी आधी.