तिसऱ्या रात्री कुठे झोपणार?

श्रोतेहो, नमस्कार.

उंचावरच्या मोठ्या ट्रेकला जायचं ठरलं की लोक मला आधी बुटांबद्दल विचारतात. मग सॅक किती लिटरची घ्यावी, स्लीपिंग बॅग किती थंडीला पुरेल. मी त्यांना उलट विचारतो, तिसऱ्या रात्री कुठे झोपणार आहात, आणि ती जागा किती उंचीवर आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. खिंडीची उंची पाठ असते, शिखराची असते, रोज किती किलोमीटर चालायचं तेही माहीत असतं. झोपण्याच्या जागेची उंची मात्र कोणी लिहून काढलेली नसते. ट्रेकची आखणी तिथूनच सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे आज सांगतो.

समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. 5500 मीटरच्या आसपास दाब निम्म्यावर येतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांशावर. छाती भरून श्वास घेतला तरी त्यातून पदरात पडणारा ऑक्सिजन त्या मानाने घटतो. डोंगरावरच्या त्रासाचं मूळ हे आहे, असं फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिलं.

शरीर यावर उपाय शोधतं, पण त्याला वेळ लागतो. काही तासांतच श्वास जलद होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, आणि तेच पुन्हा श्वासाला लगाम घालतं. हा लगाम सैल करण्याचं काम मूत्रपिंडं करतात, जास्तीचा बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार लघवीवाटे बाहेर टाकून. त्याला काही दिवस लागतात. रक्तात नव्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे लागतात. उंचावर पहिल्या दोन-तीन दिवसांत वारंवार लघवीला जावं लागतं, तंबूतून रात्री बाहेर पडायचा कंटाळा येतो, आणि लोक पाणी पिणंच कमी करतात. तसं करू नका. शरीर नेमकं तेव्हा कामाला लागलेलं असतं.

मग ही उंची झोपेशी का जोडायची? कारण झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो, आणि तसे सात-आठ तास काढायचे असतात. दिवसा तुम्ही 300 मीटर वर चढून परत खाली येऊन झोपलात तर त्याचा फायदाच होतो. म्हणून जगभर मानला जाणारा नियम असा आहे: 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची.

हा नियम आणि बाजारात मिळणारे कार्यक्रम यांचा मेळ अनेकदा बसत नाही. आफ्रिकेतला किलिमांजारो पर्वत 5895 मीटर उंच आहे. त्याच्या मरांगू वाटेवर मुक्कामाच्या तीन जागा आहेत, साधारण 2700, 3700 आणि 4700 मीटरवर. पाच दिवसांत वर जाऊन खाली यायचं असेल तर रोज झोपण्याची उंची हजार मीटरने वाढते, आणि तिसरी रात्र 4700 मीटरवर येते. वाट सोपी आहे, दोर लागत नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. तिथे एक दिवस जास्त घेतलेला माणूस आणि न घेतलेला माणूस यांच्यात मोठा फरक पडतो.

एका अभ्यासाचा उल्लेख इथे करायलाच हवा. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर फेरिचे नावाचं गाव आहे, 4243 मीटरवर. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी तिथून जाणाऱ्या 278 पदभ्रमंती करणाऱ्यांची तपासणी केली आणि 1976 साली निष्कर्ष छापले. निम्म्याहून जास्त, म्हणजे 53 टक्के लोकांना उंचीचा त्रास झाला होता. जे विमानाने थेट 2800 मीटरवर उतरले होते, जे भराभर चढले होते, ज्यांनी वाटेत कमी रात्री काढल्या होत्या, त्यांना तो जास्त झाला. आणि तरुणांना जास्त झाला. तुम्ही रोज दहा किलोमीटर धावत असाल तर तुमचे पाय थकणार नाहीत, दम कमी लागेल, पण उंचीचा त्रास होणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही. उलट दणकट माणूस पुढे पळतो, आणि त्याचं शरीर मागे राहतं.

हे मी अनुभवावरून बोलतो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण एका ट्रेकला गेलो होतो. आखणी माझ्याकडे होती. आधीच्या कागदावर 3500 मीटरच्या कॅम्पवर एक विश्रांतीचा दिवस होता. परतीची तिकिटं एक दिवस अलीकडची मिळाली आणि मी तो दिवस खोडला. मुक्काम असे झाले: 2900, 3500, 4100. तिसऱ्या संध्याकाळी माझा एक मित्र जेवला नाही. दमलोय म्हणाला, आणि आम्ही ते मान्य केलं, कारण आम्हा सगळ्यांनाच ते मान्य करायचं होतं. सकाळी तो बुटाची नाडी बांधत बसला तो बसलाच. बोटांना गाठ जमेना. मी जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि टाचेला अंगठा लावून तिच्यावरून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो बाजूला कलंडला.

आम्ही दोघांनी त्याला धरून लगेच खाली आणलं. डोक्यात सूज यायला सुरुवात झाली होती. तो बरा झाला, पण पूर्ण सरळ चालायला त्याला चार दिवस लागले. तो खोडलेला दिवस मला अजून आठवतो. तेव्हापासून आखणीचा कागद मी वेगळ्या पद्धतीने करतो.

त्यात प्रत्येक रात्रीसाठी एक ओळ असते. तारीख, मुक्कामाची जागा, तिची उंची, आदल्या रात्रीपेक्षा किती वाढ. मग पाणी कुठे मिळेल. आणि शेवटी एक रकाना, जो मला बहुतेक तयार कार्यक्रमांत दिसत नाही: इथून 500 मीटर खाली जायचं झालं तर कोणत्या वाटेने आणि किती वेळात?

हा शेवटचा रकाना भरताना नकाशा नीट वाचावा लागतो. काही कॅम्प उंच असूनही सुरक्षित असतात, कारण तिथून दोन तासांत दरीत उतरता येतं. काही कॅम्प उंचीने कमी, पण सपाट पठाराच्या मधोमध असतात. तिथून 500 मीटर उतरायला दिवसभर चालावं लागतं. आणि काही जागा अशा की बाहेर पडायचं तर आधी खिंड चढायची. म्हणजे आजारी माणसाला खाली नेण्यासाठी वर न्यायचं. अशा जागी मुक्काम टाळता येत नसेल तर तिच्या आधी सगळ्यांची तब्येत उत्तम असल्याची खात्री करायची, आणि जराही शंका असेल तर अलीकडेच थांबायचं. त्यासाठीच कागदावर एक मोकळा दिवस लागतो. तो दिवस हवामानासाठी आहे, तब्येतीसाठी आहे. तिकिटासाठी तो खर्चायचा नाही.

आता लक्षणं. नव्या उंचीवर पोहोचल्यावर सहा-बारा तासांत डोकं दुखू लागलं, आणि जोडीला मळमळ, भूक जाणं, चक्कर किंवा फार थकवा असेल, तर तो उंचीचा त्रास समजायचा. नुसती झोप नीट न लागणं हे उंचीवर इतकं सर्रास होतं की 2018 साली लक्षणांना गुण देऊन हा आजार ओळखायची पद्धत सुधारताना तो प्रश्नच काढून टाकला. झोपेत श्वास थोडा वेळ थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, शेजारच्याला भीती वाटते, तेही सर्वसाधारण आहे. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी आणखी वर जाऊन झोपायचं नाही. त्रास वाढत असेल तर खाली. बसल्या जागी दम लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसात पाणी होत असण्याची शक्यता आहे. तोल जात असेल, माणूस विसंगत बोलत असेल, तर मेंदूला सूज. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते.

निघण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून एक करार करावा, असं मी आग्रहाने सांगतो. डोकेदुखी लपवायची नाही, आणि सांगणाऱ्याला कोणी कमी लेखायचं नाही. रोज संध्याकाळी लीडरने प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं. माझ्या मित्राने त्या दिवशी सकाळपासून डोकं दुखत असल्याचं नंतर सांगितलं. आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडेल, अशी भीती त्याला वाटली होती. ती भीती घालवणं हा आखणीचाच भाग आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराचं जुळवून घेण्याचं काम लवकर व्हायला मदत करतं. ते साधारणपणे चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. कोणी घ्यावं, किती घ्यावं, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर. हे औषध खिशात आहे म्हणून विश्रांतीचा दिवस कापायचा नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू या दोन गोष्टी त्या दिवसांत लांब ठेवा, दोन्हींनी श्वास मंदावतो.

स्वयंपाकाचं गणितही उंचीवर बदलतं. 5000 मीटरवर पाणी साधारण 83 अंशाला उकळतं, त्यामुळे धान्य-डाळी शिजायला कितीतरी वेळ आणि इंधन लागतं. लवकर होणारं अन्न न्या, आणि इंधन खाली लागतं त्यापेक्षा बरंच जास्त धरा, कारण बर्फ वितळवायलाही तेच लागणार. गॅसच्या डब्यात नुसता ब्युटेन असेल तर तो शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो आणि शेगडी मंदावते. आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्या. पिण्याचं पाणी 2000 मीटरच्या वर पूर्ण तीन मिनिटं उकळू द्यावं. पाण्याचा फिल्टर वापरत असाल तर एकदा भिजल्यावर तो गोठू देऊ नका. आतल्या सूक्ष्म नळ्या फुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, मोबाइल आणि बॅटऱ्यांसोबत.

कपड्यांविषयी तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. अंगाला लागून सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो आणि थांबलात की थंडी भरते. आणि बर्फ असेल तर काळा चष्मा प्रत्येकाकडे हवा. ताजा बर्फ बहुतेक अतिनील किरण परत डोळ्यांवर फेकतो, आणि डोळे जळू लागल्याचं कळतं ते काही तासांनी. सामान वाहणाऱ्यांना आणि स्वयंपाक करणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्यांच्याकडे चष्मा, बूट, गरम कपडे आणि रात्री झोपायला नीट जागा आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. डोंगरात काम करतो म्हणून माणसाला उंचीचा त्रास होत नाही, ही समजूत चुकीची आहे. अनेक भारवाहक खालच्या दऱ्यांमधून आलेले असतात आणि त्यांनाही तोच त्रास होतो.

वेळेचा अंदाज करताना स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा 1892 चा नियम अजून कामाला येतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. पण हा हलकं ओझं आणि खालची हवा धरून केलेला हिशेब आहे. 4000 मीटरवर, पाठीवर सॅक घेऊन, मी त्याच्या दीडपट ते दुप्पट वेळ धरतो. खिंड ओलांडायची त्या दिवशी अंधारातच निघा. सकाळी बर्फ घट्ट असतो आणि आकाश बहुधा मोकळं असतं. दुपारी ढग येतात, वीज येते. किती वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, ते आदल्या रात्री ठरवून ठेवा, कारण खिंड डोळ्यांसमोर दिसत असताना ते ठरवता येत नाही.

विमा घेताना त्यात उंचीची मर्यादा किती लिहिली आहे आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का, हे बारीक अक्षरांत वाचा.

आणि आखणीच्या त्या कागदाची एक प्रत घरी ठेवा. शेवटी एक तारीख लिहा, जिच्यानंतर तुमचा फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, त्यांच्या नंबरासकट. ती तारीख ठरवताना मोकळा दिवस तिच्यात धरा. नाहीतर वर तुम्ही थांबायचा योग्य निर्णय घ्याल आणि खाली घरचे घाबरतील. मग पुढच्या वेळी त्यांच्या काळजीपोटी तुम्हीच तो दिवस खोडाल.

नमस्कार.