अराशियामाची पंगत

(दृश्य: क्योतो स्थानक, सकाळची गर्दी)

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि आम्ही क्योतोला पोचलो तेव्हा चातुर्मास संपायचा होता. म्हणजे मासे-मटण तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. पहिले दोन दिवस तिने भात, फळं आणि घरून नेलेलं मेतकूट यांवर काढले. एका हॉटेलात शाकाहारी म्हणून आलेल्या सुपाचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. काही बोलली नाही. मला फार वाईट वाटलं.

त्या आचाऱ्याने फसवलं नव्हतं. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. कोम्बू नावाची समुद्री वनस्पती आणि धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा कीस यांचं हे पाणी. सुपात ते असतं, शिजवलेल्या भाजीत असतं, वांग्यावर ओतलेल्या रसातही असतं. ताटात मासा दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं तिथे धरून चालत नाही.

(दृश्य: लोकल गाडी, मग नदी आणि लाकडी कठड्यांचा पूल)

तिसऱ्या दिवशी क्योतो स्थानकावरून सागानो मार्गाची लोकल पकडली. पंधरा-एक मिनिटांत सागा-अराशियामा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, मेपलची पानं नुकती तांबूस होऊ लागलेली. तिथून चालत तेन्र्यू-जी. सम्राट गो-दाइगोच्या स्मरणार्थ १३३९ साली स्थापन झालेलं हे झेन मंदिर. बाग आणि तळं झेन गुरू मुसो सोसेकीचं. इमारती कितीदा जळाल्या, पुन्हा बांधल्या, पण तळं त्याच जागी आहे. १९९४ पासून ते जागतिक वारसा आहे. आणि त्याच आवारात मंदिराचं भोजनगृह आहे, शिगेत्सु. या नावातल्या दोन अक्षरांचे अर्थ, चाळणी आणि चंद्र.

क्योतोमध्ये कैसेकीचं, म्हणजे एकामागून एक पदार्थ येणारं पारंपरिक जेवण रात्री नामांकित ठिकाणी घेतलं, तर माणशी वीस-तीस हजार येन सहज जातात. बहुतेक प्रवासी इथेच हात टेकतात. पण जपानमध्ये उत्तम जेवण परवडण्याची वेळ दुपारची आहे. शिगेत्सुमध्ये तर रात्रीचं जेवण नसतंच. तीन प्रकारची ताटं मिळतात: युकी, त्सुकी, हाना. बर्फ, चंद्र, फूल. सर्वांत साधं युकी, एक सूप आणि पाच पदार्थ. आम्ही गेलो तेव्हा ते चार हजार येनच्या आत होतं. बागेचं तिकीट वेगळं, तेव्हा पाचशे येन. वर बक्षिशी द्यायची नसते.

(दृश्य: तातामीची खोली, लाल पट्ट्या, लाल लाखेची भांडी)

चपला बाहेर काढल्या. आत तातामीवर, म्हणजे जाड गवती चटयांवर, लांबच्या लांब लाल पट्ट्या अंथरलेल्या, लोक ओळीने बसलेले, प्रत्येकापुढे आपापलं ताट. आई दारातच थांबली आणि म्हणाली, "अरे, ही तर पंगत आहे." आणि मांडी घालून बसलीसुद्धा. शेजारचे युरोपातले पाहुणे गुडघे सावरत होते. ती मात्र आळंदीला बसावं तशी बसली होती.

या जेवणाला शोजिन र्योरी म्हणतात. बौद्ध धर्मग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा संस्कृत 'वीर्य', म्हणजे नेटाने साधना करणं, या शब्दासाठी जो चिनी शब्द योजला, त्याचाच जपानी उच्चार शोजिन. झेन हा शब्दही आपल्या 'ध्यान'चा, चीनमार्गे आलेला. मांस, मासे वर्ज्य, आणि कांदा, लसूण, पात असल्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य. दाशी फक्त कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. आईला काही विचारावं लागलं नाही, काही वगळावं लागलं नाही. तिचे नियम आणि या स्वयंपाकघराचे नियम एकच होते.

कोम्बूच्या त्या पाण्यात नेमकं काय आहे, हे १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. ग्लुटामेट. त्या चवीला त्याने उमामी हे नाव दिलं. मठांतले आचारी त्याआधी कित्येक शतकं ती चव रोज काढत होते.

(दृश्य: छोटी वाटी, जवळून)

ही गोमा-दोफू. नावात तोफू आहे, पण सोयाबीन नाही. तीळ वाटायचे, गाळायचे, त्यात कुद्झूच्या कंदाचं सत्त्व घालायचं, साधारण आपल्या तवकिरीसारखं, आणि आचेवर हात न थांबवता ढवळत राहायचं. थंड झालं की वडी पडते. वर वासाबीचा हिरवा ठिपका, बुडाशी चमचाभर सोया सॉस. चॉपस्टिक लावली की खरवसासारखी थरथरते. आधी काहीच चव लागत नाही. मग जिभेवर विरघळताना तीळ येतो, आणि तो घास संपल्यावरही राहतो. आईने पहिल्या घासाला डोळे मिटले. दोन दिवसांनी तिला जेवताना पाहत होतो.

बाकीचं थोडक्यात. वाफवलेला भोपळा, सोयादुधावरच्या सायीची युबा, गव्हाच्या सत्त्वाचा मऊ फू, पालेभाजी. मीठ बेताचं, तिखट नाही. ज्याला झणझणीत हवं त्याला हे फिकं वाटेल, पण पहिले चार घास सावकाश खाल्ले की जीभ ऐकू लागते.

(दृश्य: भाताची रिकामी वाटी, लोणच्याची एक फोड)

झेन मठात जेवणाच्या शेवटी मुळ्याच्या लोणच्याची, ताकुआनची, एक फोड मागे ठेवतात. वाटीत गरम पाणी किंवा चहा घ्यायचा, फोडीने वाटी पुसायची, फोड खायची, पाणी पिऊन टाकायचं. दोगेन या झेन गुरूने १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी जे लिहिलं, त्यातही हेच सांगणं आहे की धान्य-भाजी स्वतःच्या डोळ्यांसारखी जपा.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझे आजोबा ताटात पाणी घालून, बोट फिरवून पीत, ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं. तिने शेवटची फोड उचलली, वाटीत चहा ओतला, कडेने फोड फिरवली, चहा प्यायली आणि वाटी पालथी न ठेवता सरळ ठेवली, जशी आली होती तशी.

वाढणारी बाई ताटं उचलायला आली. वाटीत पाहिलं, मग आईकडे. गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही हात तातामीवर टेकवले आणि वाकली. आईने हात जोडले.