फॅट किती आणि फॅट कसली

श्रोतेहो, नमस्कार. फ्रिजमधून नुकतेच काढलेले लोण्याचे दोन गोळे डोळ्यांपुढे आणा. एक पिवळाधमक, सुरी टेकवताच पसरणारा. दुसरा पांढुरका आणि टणक. दोन्ही गोळे ज्या दुधांचे, त्यांना यंत्रावर फॅट लागली होती 4 टक्के. यंत्र फॅट किती एवढंच सांगतं, कसली ते सांगत नाही.

किती, हे बरंचसं जातीवर ठरतं. होल्स्टीनला साधारण 3.5 ते 4 टक्के, जर्सीला 5च्या आसपास. कसली, यात मात्र चाऱ्याचा हात मोठा.

हिरव्या गवतात स्निग्धांश थोडाच, पण त्यातला निम्मा किंवा अधिक भाग लिनोलेनिक या स्निग्ध आम्लाचा. कोटीपोटातले, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू त्याला हायड्रोजन जोडत जातात. काही आम्ल अर्ध्या वाटेवरच, व्हॅक्सेनिक आम्ल होऊन, निसटतं आणि कासेत त्याचं सीएलए, म्हणजे संयुग्मी लिनोलेइक आम्ल, बनतं. म्हणून चरणाऱ्या गाईच्या दुधात सीएलए दुप्पट-तिप्पटही सापडतं. सोबत लोणी घट्ट करणारं पामिटिक आम्ल घटतं, मऊ करणारं ओलेइक वाढतं, लोणी मऊ होतं. पिवळा रंग गवतातल्या कॅरोटीनचा. तेच गवत कडक उन्हात वाळवलं की तो बराचसा उडतो.

जात इथेही डोकं वर काढते. त्याच कुरणावर जर्सीचं लोणी जास्त पिवळं, पण बहुधा जरा घट्टच, कारण तिच्या दुधात ओलेइक कमी असतं.

आता नेहमीची चूक. दूध वाढावं म्हणून खुराक वाढवला, वर कुट्टी अगदी बारीक केली. गाय रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते, कोटीपोटाचा सामू 6च्या खाली घसरतो. मग जिवाणू वेगळ्याच प्रकारचं सीएलए तयार करतात, जे कासेतली फॅट बनणंच रोखतं. दूध तेवढंच, फॅट मात्र धाडकन खाली! कोवळ्या लुसलुशीत गवतावर एकदम सोडलेल्या गाईचंही असंच होतं. त्यात तंतू कमी असतात. तेव्हा कुरणात सोडण्याआधी थोडी सुकी वैरण घाला, नव्या चाऱ्यावर 10 ते 14 दिवसांत आणा, कुट्टी 2-3 सेंटिमीटर ठेवा, खुराक तीन-चार वेळांत विभागा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात.

आणि चाऱ्याला दोष देण्याआधी नमुना तपासा. पहिल्या धारांत फॅट 1-2 टक्केच असते, शेवटच्या धारांत 8च्याही वर जाते. कास पूर्ण रिकामी करा, सगळं दूध ढवळा, मगच नमुना घ्या.